तिसऱ्या पाळीवाल्यांनो, झोपेच्या या चुका टाळा

संभाजीनगरजवळच्या वाळूजला कारखान्यात पाळ्या करून मला सतरा वर्षं झाली. दरवर्षी नवी पोरं लागतात आणि महिनाभरात एकच तक्रार घेऊन येतात, "काका, दिवसा झोपच लागंना." खोदून विचारलं की चुकाही त्याच निघतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे सुटल्यावर लगेच न झोपणं. साडेसातला गेटबाहेर यायचं, तासभर टपरीवर उभं राहायचं, मग बँक, मग दळण, आणि अकराला अंथरूण. तोवर डोळ्यांत ऊन शिरून मेंदूला दिवस उजाडल्याचं कळलेलं असतं, अंगाचं तापमान चढत असतं. अशी झोप तीन तासांत मोडते. मी नवा असताना रात्रपाळी करून परस्पर गंगापूरकडं शेताच्या मोजणीला गेलो होतो. दुपारी परतताना मोटरसायकलवर डोळा लागला आणि मी रस्त्याकडेच्या कपाशीत जाऊन पडलो. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं उचललं. मनगट मोडलं, दीड महिना घरी बसलो. ताशी ४० च्या वेगात ३ सेकंद डोळे मिटले तर गाडी ३३ मीटर जाते, हा हिशेब मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. तेव्हापासून रात्रपाळीला बसनंच जातो. येताना गॉगल, घरी दोन घास, आणि साडेआठला आडवा. मोजणी असो की साखरपुडा, झोपेनंतर.

दुसरी चूक पहाटेचा चहा. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. पाचला प्यायलात तर दहा-अकरापर्यंत निम्मं अंगातच. माझा शेवटचा चहा दोनला. पहाटे फारच जड झालं तर सुट्टीच्या वेळेत वीस मिनिटं डोळे मिटतो, जास्त नाही. गाढ झोपेतून उठवलं की माणूस मशीनवर उभा करण्याजोगा राहत नाही.

खोली पत्र्याची असेल तर मे महिन्यात दुपारी भट्टीच. खिडकीला जाड गोधडी टांगा, पण कूलर असेल तर हवा बाहेर जायला एक फट ठेवा, नाहीतर दमटपणानं जीव घुसमटतो. नळाच्या दिवशी पाणी भरायचं शेजारच्या वहिनींना आधीच सांगून ठेवा.

दारू नको. डोळा लवकर लागतो, पण झोप मध्येच तुटते. मेडिकलवरून मनानं आणलेली गोळी तर मुळीच नको. चार दिवसांत सवय व्हावी म्हणून गोळी शोधणाऱ्या पोरांचा मला फार राग येतो, कारण शरीराचं घड्याळ एवढ्या लवकर फिरत नाही. मोठ्यानं घोरत असाल, झोपेत श्वास अडतो असं घरचे म्हणत असतील, तर घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, दाखवून या.

आणि सुपरवायझर ऐकणारा असेल तर पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशाच क्रमानं मागून घ्या. उशिरा झोपणं शरीराला जमतं, लवकर झोपणं जड जातं.