किनेज अडवल्यावर पेशीतलं घड्याळ किती लांबतं ते डिशमध्ये कसं मोजायचं

हा विषय नुसता वाचून डोक्यात बसत नाही, एकदा स्वतः मोजलं की मग कायमचा बसतो. म्हणून सरळ प्रयोगच सांगते.

आधी मोजतोय काय ते. पेशीत साधारण २४ तासांचं एक चक्र चालतं, तेच तिचं घड्याळ. क्लॉक आणि बीमॅल१ या प्रोटीन्सची जोडी पीईआर आणि क्राय या प्रोटीन्सचे जीन चालू करते, मग हीच प्रोटीन्स न्यूक्लियसमध्ये येऊन त्या जोडीला गप्प करतात, पीईआर आणि क्राय तुटली की चक्र परत सुरू. हे सगळं काही तासांतच उरकलं असतं, पण सीके१ डेल्टा आणि एप्सिलॉन ही किनेज एन्झाइम्स पीईआरवर फॉस्फेट लावतात आणि पीईआर कधी तुटायचं ते बरंचसं त्यावर ठरतं, म्हणून चक्राला साधारण २४ तास लागतात.

यू२ओएस पेशी (माणसाच्या हाडाच्या कॅन्सरमधून आलेल्या) घ्या, ज्यात बीमॅल१च्या प्रमोटरला, म्हणजे जीन चालू-बंद करणाऱ्या भागाला, ल्युसिफेरेज हे प्रकाश देणारं एन्झाइम जोडलंय, म्हणजे जीन चालू झाला की प्रकाश वाढतो. डिश भरली की १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन तासभर द्या, हे स्टेरॉइड सगळ्या पेशींची घड्याळं एका वेळेवर आणतं. हे विसरू नका, कारण एरवी प्रत्येक पेशी आपापल्या वेळेवर चालत असते आणि एकत्र मोजलं तर सपाट रेघच दिसते. मग फिनॉल रेड नसलेलं मीडियम, त्यात हेपेस (पीएच स्थिर ठेवणारा बफर) आणि ल्युसिफेरिन (ज्यावर ल्युसिफेरेज प्रकाश तयार करतं), आणि सीके१चा इनहिबिटर, म्हणजे त्याला अडवणारं औषध, उदा. लाँगडेसिन, तीन-चार वेगवेगळ्या डोसमध्ये. कंट्रोल डिशमध्ये डीएमएसओ, म्हणजे ज्या द्रावकात इनहिबिटर विरघळवलाय तो, अगदी तेवढाच टाका. डिश नीट सील करा, नाहीतर पाणी उडून जातं. ल्युमिनोमीटरमध्ये, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात, तापमान एकसारखं ठेवून किमान पाच-सहा दिवस रीडिंग घ्या, मध्ये दार उघडू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथेच बहुतेक जण फसतात. पहिलं शिखर उशिरा आलं म्हणजे घड्याळ हळू झालं असं नाही, ती नुसती फेज, म्हणजे चक्राची सुरुवातीची वेळ, सरकलेली असू शकते, मीडियम बदललं तरी ती सरकते. तुम्हाला हवाय पीरियड, म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर, आणि ते दर चक्राला वाढलेलं दिसलं पाहिजे. पहिला दिवस टाकून द्या, २४ तासांची सरासरी वजा करून सिग्नलचा उतार काढून टाका, मग हळूहळू विरत जाणारी कोसाइन लाट आकड्यांवर फिट करा. सिग्नल मंद झाला तर त्यावरून लगेच काही ठरवू नका, ल्युसिफेरेज हेही एन्झाइमच आहे, इनहिबिटर कदाचित त्यालाच अडवत असेल.

डोस वाढवाल तसा पीरियड लांबत गेला पाहिजे. पण मग टाऊ हॅमस्टरचं, म्हणजे टाऊ हे म्यूटेशन असलेल्या हॅमस्टरचं काय? १९८८ मध्ये सापडलेल्या या हॅमस्टरचा पीरियड २० तासांचा, आणि २००० मध्ये कळलं की बिघाड सीके१ एप्सिलॉनमध्ये आहे. किनेज बिघडलं तर घड्याळ हळू व्हायला हवं ना? मलाही हे कितीतरी दिवस कळत नव्हतं. पीईआर२वर (पीईआरचाच एक प्रकार) किनेजच्या दोन जागा आहेत, एका जागी फॉस्फेट लागलं तर प्रोटीन टिकतं, दुसऱ्या जागी लागलं तर तुटायला जातं, आणि टाऊमधलं किनेज ही दुसरी जागा जास्त पकडतं, म्हणून पीईआर२ लवकर तुटतं आणि चक्र छोटं होतं. म्हणजे एन्झाइम जोरात की मंद एवढं विचारून भागत नाही, कुठे लागतंय तेही बघावं लागतं.

शेवटी हाच निकाल सीके१ डेल्टा आरएनएआयने (जीनचा आरएनए नष्ट करून प्रोटीन कमी करायची पद्धत) कमी करूनही येतो का ते तपासा. तिथेही पीरियड लांबला तरच इनहिबिटरवर विश्वास ठेवा.