मोजणीचा दिवस: जखमी पक्ष्यांच्या औषधपाण्यासाठी

संक्रांतीच्या आगेमागे आमच्याकडच्या वन्यजीव उपचार केंद्रात मांज्याने पंख चिरलेल्या घारी, पारवे, घुबडं येत राहतात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी पिंपळाच्या फांद्यांना लोंबणारी ती चकचकीत दोरी अजून दिसते. अशीच अडकलेली एक घार मी खोक्यात घालून केंद्रात नेली होती. पंखाचा स्नायू तुटला असेल तर पक्षी कित्येक आठवडे सांभाळावा लागतो, आणि त्याचं खाणं, औषधं, पिंजरे सगळं देणग्यांवर चालतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या वर्षापासून आम्ही पाच जण जानेवारीच्या पहिल्या रविवारी मोजणीचा दिवस करतो. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत जितक्या प्रजाती दिसतील, तितक्या पटीत ओळखीपाळखीची माणसं केंद्राला पैसे देतात. यंदा सातवं वर्ष. हिशेब माझ्याकडे असतो, कारण एकतीस वर्षं मी बँकेत काढली. तुमच्या गावी असं काही करायचं मनात असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

सुरुवात पैशापासून करा, दुर्बीण नंतर. ज्या संस्थेसाठी पैसे गोळा करणार, तिची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी पाहून घ्या आणि त्यांच्याशी आधी बोला. देणगी थेट संस्थेच्या खात्यावर जाऊ द्या, आपल्या खात्यातून फिरवू नका. प्राप्तिकरातल्या सवलतीसाठी ८०जीची पावती हवी असणाऱ्यांना सांगून ठेवा की २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला ती सवलत लागू होत नाही. महिनाभर आधी वही घेऊन बसा आणि एकेकाला फोन करा. ‘दर प्रजातीमागे ५ रुपये’, ‘१० रुपये’ असे आकडे लिहून घ्या, आणि समोरच्याला अंदाज द्या. आमच्या पहिल्या वर्षी ९२ प्रजाती झाल्या, सर्वांत चांगल्या वर्षी १३१. म्हणजे १० रुपये म्हणणाऱ्याला साधारण नऊशे ते तेराशे लागतील, हे त्याला आधीच कळलेलं बरं. वरची मर्यादा ठरवायची असेल तर तीही लिहा. आमच्या सोसायटीतली एक मुलगी खाऊच्या पैशातून प्रजातीमागे १ रुपया देते. तिचं नाव यादीत सर्वांत वर असतं.

‘नीलपंख दाखवलात तर पाचशे’ असे पैसे मात्र मी घेत नाही. एका पक्ष्यावर रक्कम लागली की माणसं त्याच्यामागे रान तुडवतात.

आता नियम. आम्ही पक्षी, सस्तन प्राणी, सरपटणारे प्राणी आणि फुलपाखरं मोजतो. पाळीव काहीही नाही. पारवा धरतो. नुसता आवाज ऐकला तरी चालतो, कारण पहाटे रातवा दिसत नाही, ऐकूच येतो. पण प्रत्येक नोंदीला दोन सह्या लागतात: पाचांपैकी किमान दोघांनी पाहिलं किंवा ऐकलं आणि दोघांनाही ओळख पटली, तरच आकडा वाढतो. बँकेत मोठी रक्कम एका सहीवर सुटत नसे, तेच इथे. मर्लिन ॲप आवाजावरून नाव सुचवतं, ते ऐकून पक्षी शोधायचा. ॲपचं नाव ही सही नव्हे.

हा नियम दुसऱ्या वर्षानंतर आला. त्या वर्षी ओढ्याकाठी धावपळीत मी एकाच हिरवट पर्णवटवट्याची दोन वेगळ्या नावांनी नोंद केली. पर्णवटवटे पानांआड सतत हलत असतात, रंगाने एकसारखे, आवाजाशिवाय त्यांची खात्री होत नाही. रात्री फोटो पाहताना चूक लक्षात आली, तोवर आकडा सगळ्यांना कळवून झाला होता. दुसऱ्या दिवशी मी सदतीस फोन केले आणि प्रत्येकाला एका प्रजातीचे पैसे कमी पाठवायला सांगितले. फरक पाच-दहा रुपयांचा होता, पण यादीतली प्रत्येक ओळ कोणाच्या तरी खिशातून भरली जाते. तेव्हापासून शंका आली की रेघ.

मार्ग असा निवडा की दिवसभरात वेगवेगळ्या तऱ्हेची जागा लागेल: झाडी, नदी, माळ, मोठं पाणी. एकाच तळ्यावर बारा तास बसलात तर आकडा साठाच्या आसपास अडकतो. पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेडाचे तास अकरा. आम्ही पावणेसहाला सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीच्या बाजूच्या झाडीत असतो. आधी पिंगळा आणि रातवा. मग उजाडता उजाडता दयाळ, शीळकरी कस्तूर, सुभग, निखार, निलिमा, स्वर्गीय नर्तक. इथे एका जागी शांत उभं राहा. पहिल्या दोन तासांत जितकं मिळतं तितकं पुढच्या पाच तासांत मिळत नाही, म्हणून न्याहारी गाडीतच: थालीपीठ आणि थर्मासमधला चहा.

साडेनऊच्या आत नदीकाठी कवडीपाटला. मुळा-मुठेचं पाणी घाण आहे, प्लास्टिक अडकलेलं असतं, तरी शेकाट्या, चक्रवाक, थापट्या, पांढरा धोबी, कवड्या धीवर, नदी सुरय तिथे येतात. आम्हाला दर वर्षी हे बघून आनंदही होतो आणि वाईटही वाटतं. तासाभरात वीस-बावीस नवी नावं होतात.

दुपारचे तास सगळ्यांत अवघड. पक्षी सावलीत जातात आणि माणसं पेंगतात. आम्ही तेव्हा सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात असतो. जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे, पण माळरानाचं. चिंकारा तिथे हमखास भेटतात, माळटिटवी, चंडोल, खाटीक आणि नशीब असेल तर धाविक. एका वर्षी बांधावर खोकड बसलेलं दिसलं, ते आमच्याकडे बघत होतं, आम्ही त्याच्याकडे, आणि पाच मिनिटं कोणी हललं नाही. ऊन चढलं की फुलपाखरांकडे वळा: बिबळ्या कडवा, लिंबाळी. गवतात शिरू नका. बऱ्याच माळपक्ष्यांचं घर जमिनीवरच असतं, म्हणून ठरलेली वाट सोडायची नाही.

जेवणाच्या वेळी देणगीदारांच्या गटावर एक ओळ टाका: ‘दुपारी एक, ८१.’ फोटो एकच. अशा निरोपानंतर दोघा-तिघांनी दर वर्षी आपला आकडा वाढवला आहे.

शेवटचे तीन तास उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ कुंभारगावला. बोटीत बसण्याआधीच नावाड्याला सांगा, ‘दादा, थवा दिसला की लांबूनच इंजिन बंद करा. आम्हाला उडताना फोटो नकोत.’ बहुतेक दादा आनंदाने ऐकतात, त्यांना उलट बरं वाटतं. जानेवारीत पाणी भरपूर असेल तर रोहित (फ्लेमिंगो) कमी दिसतात. चिखल उघडा पडला की ते वाढतात, त्यामुळे त्यांच्यावर हिशेब बांधू नका. पट्टकदंब, चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, शराटी, भुवई बदकं, वारकरी पक्ष्यांचे काळे थवे मात्र असतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हरभऱ्याच्या शेतात चरताना पाहिले की दिवसाचा शीण जातो.

आवाजाची ध्वनिफीत लावून पक्ष्याला बाहेर काढणं आम्ही करत नाही, घरट्याजवळ जात नाही, घुबडाची ढोली कुठे आहे हे यादीत लिहीत नाही. पेट्रोल, बोट, जेवण आमच्या खिशातून. देणगीतला एक रुपयाही गाडीत जात नाही, आणि हे देणाऱ्यांना आधी सांगितलेलं असतं. जायचं साहित्य थोडं: ८×४२ची दुर्बीण, दोन वह्या (एक पडली तर दुसरी), पेन्सिली, टोपी, पाणी.

रात्री घरी आल्यावर झोपू नका. पाचही जण बसून यादी मोठ्याने वाचा, दोन सह्या नसलेली नावं काढा, मग आकडा कळवा. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर वेळ आणि जागेसकट चढवा, म्हणजे त्या अभ्यासकांच्याही कामी येतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला त्याची रक्कम, खात्याचा तपशील आणि पूर्ण यादी पाठवा. आठवडाभराने ज्यांचे पैसे आले नाहीत त्यांना फोन करा, संकोच करू नका. लोक विसरतात, नाकारत नाहीत. गेल्या वर्षी सात जण राहिले होते. सहांनी फोन ठेवल्याबरोबर पाठवले. सातव्यांची बदली झाली होती, त्यांनी मार्चमध्ये पाठवले, आणि सोबत विचारलं की यादीतला धाविक नेमका कुठल्या वळणावर दिसला.