खगोलशास्त्राच्या परिषदेला पहिल्यांदा जाताय?

ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाची परिषद दरवर्षी नव्या गावी भरते. पीएचडीची नवी मुलं तिथे घोळक्याने हिंडतात, घोळक्यात जेवतात आणि कुणाशी फारसं न बोलता परततात. मला याची फार रुखरुख लागते. त्यातही राज्य विद्यापीठांतल्या मुलांची. आयुका किंवा एनसीआरए या पुण्यातल्या खगोल संशोधन संस्थांच्या विद्यार्थ्याला या विषयातली जी माणसं रोज कँटीनमध्ये दिसतात, ती तुम्हाला फक्त याच काही दिवसांत गाठता येतात.

तयारी घरूनच करून निघा. कार्यक्रमपत्रिका आली की आपल्या विषयातल्या मोजक्या नावांवर खूण करा. नुसती मोठी नावं धरू नका. नुकते रुजू झालेले प्राध्यापक सहकारी शोधत असतात आणि पोस्टडॉकना, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्यांना, अर्ज कुठे, कधी करायचे याची ताजी माहिती असते. ज्येष्ठांना भेटायचं असेल तर गाईडना सरळ विचारा, "सर, त्यांच्याशी माझी ओळख करून द्याल का?" संकोच नको, हे त्यांचं कामच आहे.

खरी कमाई आपलं काम मांडणाऱ्या पोस्टरपाशी होते. पोस्टर उभं लावायचं की आडवं, हे छापण्याआधी आयोजकांना विचारून घ्या. कुणी येऊन गुपचूप वाचू लागलं तर "दोन मिनिटांत सांगू का?" एवढंच म्हणा. मग प्रश्न काय, हाती काय लागलं आणि गाडी कुठे अडलीय, ते सांगा. अडलेली जागा मुलं हमखास लपवतात आणि तिथेच संधी घालवतात. समजा, तुम्ही खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा डेटा वापरलाय. "दीर्घिकासमूहाभोवती अंधूक रेडिओ उत्सर्जन दिसतंय, पण व्यत्यय काढूनही नकाशात हे पट्टे उरतात," असं म्हणून बोट ठेवून पट्टे दाखवा. तोच डेटा हाताळलेला माणूस लगेच पुढे वाकून बघतो, कॅलिब्रेशन (दुर्बिणीच्या मोजमापांतल्या चुकांची दुरुस्ती) कसं केलं ते विचारतो, स्वतःचा अनुभव सांगतो. त्याचं नाव आणि ईमेल तिथल्या तिथे वहीत टिपा. गाईडमंडळींना विनंती, अशा वेळी पोस्टरपासून जरा लांब राहा. उत्तरं मुलांनाच देऊ द्या.

इंग्रजीची धास्ती असेल तर पहिली दोन-तीन वाक्यं लिहून मोठ्याने म्हणून बघा. पुढचं आपोआप येतं, कारण काम तुम्हीच केलेलं असतं. समोरची व्यक्ती मराठी निघाली तर खुशाल मराठीत बोला.

परतल्यावर त्याच आठवड्यात मेल टाका. "आदरणीय सर, कृपया मार्गदर्शन करावे" अशा मोघम मेलला कुणी काय उत्तर देणार? पोस्टरपाशी काय बोलणं झालं ते एका ओळीत लिहा, त्यांनी सुचवलेलं करून आलेला नवा नकाशा जोडा आणि एकच प्रश्न विचारा. सीव्ही मागितल्यावरच पाठवा.

पैशांची चौकशी मात्र फार आधी करा. विद्यार्थ्यांना नोंदणी शुल्कात सवलत आहे का, राहण्याची सोय होईल का, हे आयोजकांना विचारा. परदेशी परिषदांसाठीही डोळे उघडे ठेवा. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचं पुढचं महाअधिवेशन २०२७ मध्ये रोमला आहे आणि संघ तरुण संशोधकांना प्रवासासाठी अनुदान देतो. आपल्या कामाचा सारांश पाठवायची आणि अनुदानाची, दोन्ही मुदती जाहीर होताच कॅलेंडरवर टाका.