एडिनबरा पायी बघायचं तर वरून खाली या

स्कॉटलंडच्या एडिनबरात रॉयल माइल, म्हणजे किल्ल्यापासून (कॅसल) राजवाड्यापर्यंतचा जुना रस्ता, बघायचाय ना, मग सकाळी आधी कॅसल गाठा आणि तिथून उताराने हॉलीरूड पॅलेसपर्यंत या, उलटं केलंत तर सगळा चढ नशिबी येतो. अंतर जेमतेम पावणेदोन किलोमीटर पण दिवस कधी जातो कळत नाही. कॅसलचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. कॅसलमधे राजमुकुट बघाच, पण मला जास्त आवडली ती स्कॉटलंडच्या मेरी राणीची बाळंतिणीची खोली, १५६६ मधे तिचा मुलगा, पुढे राजा झालेला सहावा जेम्स, इथेच जन्मला, आणि खोली केवढी तर आपल्या देवघराएवढी, पाचसहा माणसं शिरली की संपलं! कॅसलवरची दुपारी एकची तोफ रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून रोज उडते, अगदी जवळ उभे असाल तर कानावर हात ठेवा. खाली येताना सेंट जाइल्स चर्चचा मुकुटासारखा कळस मान वर करून बघा. रस्ता दगडी, पाऊस पडला की पाय घसरतो, म्हणून बूट चांगले हवेत, छत्री वाऱ्यात उलटी होते त्यापेक्षा रेनकोट बरा. राजघराण्यातलं कुणी मुक्कामाला असलं की पॅलेस बंद असतो, तेवढं आधी वेबसाइटवर चेक करा.