सतरा अंकी एका संख्येच्या मागे पंधरा दिवस

बीएस्सीला मॅथ्स घेतलंय आणि नंबर थिअरी डोक्यावरून जातेय असं सांगणारे ज्युनिअर दरवर्षी भेटतात, त्यांना मी एवढंच सांगते की गाईडमधली शंभर गणितं नंतर करा, आधी एक मोठी संख्या पकडा आणि तिची पिसं काढा. माझी होती १२३४५६७८९८७६५४३२१. ही डेम्लो संख्या, म्हणजे आपल्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांची. डेम्लो म्हणजे आत्ताचं डोंबिवली, तिथे स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली म्हणून हे नाव. नाशिकमध्ये राहून मला हे सेकंड इयरला कळलं, असो.

सुरुवातच फसली. गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत लॅपटॉप उघडून संख्या एक्सेलमध्ये टाकली, अंकांची बेरीज ७८ आली, म्हटलं ९ ने भाग जात नाही, झालं. शेजारचा एक दादा एमपीएससीवाला, तो म्हणाला, "अगं, शेवटचे अंक बघ ना." बघितलं तर २१ च्या जागी दोन शून्यं! एक्सेल पंधराच अंक धरतं, पुढचे खाऊन टाकतं. वहीवर केलं तर बेरीज ८१. तेव्हा मोठ्या संख्येला पायथॉन वापरा नाहीतर सरळ पेन.

आता खरी मजा. ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग, तेव्हा अवयव वर्गमूळाचेच पाडायचे, सतरा अंकांशी झटापट कशाला. नऊ एक म्हणजे १११ × १००१००१, त्यातलं १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. इथे मी अडकले. ३३३६६७ मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे, तिथपर्यंत मूळ संख्या १०६, मी वेड्यासारखी एकेकाने भागत बसले आणि दोन संध्याकाळी गेल्या. नंतर सरांनी विचारलं, "हा ९९९९९९९९९ चा अवयव आहे ना, मग ऑर्डर वापरली का?" ऑर्डर म्हणजे १० चा सगळ्यात लहान असा घातांक, की त्या घाताला मूळ अवयवाने भागलं की बाकी १ उरते. इथे ती ९ ला भागणारी, म्हणजे १, ३ किंवा ९; १ फक्त ३ ची, ३ फक्त ३७ ची, बाकी सगळ्यांची ९, आणि फर्माप्रमाणे ती (मूळ अवयव वजा १) लाही भागते. ३ ने भाग जात नाही हे अंकांच्या बेरजेवरून दिसतंच (२८), मग उरलेला कुठलाही मूळ अवयव १८ ने भागल्यावर १ बाकी ठेवणाराच असणार, म्हणजे १९, ३७, ७३, १०९ असे फक्त सतरा तपासायचे! अर्ध्या तासात संपलं, एकानेही भाग जात नाही, मूळ आहे. फर्माची लिटिल थिअरम परीक्षेपुरती पाठ केली होती, तिचा उपयोग त्या दिवशी कळला.

म्हणजे आपली संख्या ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला की विभाजक ५ × ३ × ३ = ४५. (४५ स्वतः कापरेकर संख्या, वर्ग २०२५, २० + २५ = ४५, हा निव्वळ योगायोग पण मी वहीत लाल पेनाने लिहून ठेवलाय.) आणि अंकांची बेरीज ८१, ३ च्या चौथ्या घातामुळे ८१ ने भागही जातो, म्हणजे ही हर्षद संख्यासुद्धा, हेही नाव कापरेकरांचंच.

तुम्ही आठ एकांपासून सुरू करा. वर्ग १२३४५६७८७६५४३२१, अंकांची बेरीज ६४, पण संख्या विषम, त्यामुळे हर्षद नाही हे न भागताच कळतं. आठ एकांचे मूळ अवयव चार निघतात, पहिला ११, बाकीचे तीन मी सांगणार नाही. हा पंधराच अंकी आहे, एक्सेल चालेल.