संशोधनाचा डेटा खुला करताय? परवाना असा ठरवा

समजा, बडोद्यात दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांमधून बोलीची चाळीस रेकॉर्डिंग जमवली. सोबत ती ऐकून उतरवलेला मजकूर, एक्सेलमधली शब्दयादी आणि मोजणीचा पायथन कोड आहे. हे सगळं झेनोडोवर, म्हणजे संशोधनाचा डेटा ठेवायच्या खुल्या संकेतस्थळावर, चढवताना परवान्याच्या रकान्यात ‘सीसी बाय ४.०’ (क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना: श्रेय द्या आणि हवं तसं वापरा) आधीच भरलेलं दिसतं आणि बहुतेक जण ते तसंच सोडून पुढे जातात. परवाना वाईट नाही. पण जे आपलं नाही ते त्या एका क्लिकने वाटून टाकलं जातं, घोळ तिथे होतो.

आधी मालकी तपासा. चार रकान्यांचा तक्ता करा: फाइल, कोणी केली, कोणाच्या पैशातून, कोणाच्या संमतीने. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा असतो. त्यामुळे विद्यापीठात पगारावर असाल तर विभागाकडून लेखी परवानगी घ्या. अनुदानाचं पत्रही पुन्हा वाचा. शब्दयादीतले अर्थ छापील कोशातून जसेच्या तसे उतरवले असतील, तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटली आहेत का ते बघा. नसतील तर तो रकाना काढा किंवा अर्थ स्वतः लिहा.

नुसत्या तथ्यांवर कॉपीराइट नसतो. तक्ते आणि डेटाबेस कायद्यात ‘साहित्यकृती’ म्हणून येतात खरे, पण ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात (२००७) सर्वोच्च न्यायालयाने केवळ मेहनत आणि पैसा खर्च झाला म्हणून संकलनावर हक्क मानला नाही. निवडीत किंवा मांडणीत कौशल्य आणि विचार दिसायला हवा. म्हणजे साध्या आकड्यांच्या तक्त्यावर कडक अटी लादल्या तरी त्या टिकतीलच असं नाही.

मग संमती. परवाना कॉपीराइटपुरता असतो. बोलणाऱ्या आजींचा खासगीपणा तुम्ही कुणाला देऊ शकत नाही, सीसी बाय तर नाहीच. ‘संशोधनासाठी वापरू’ एवढंच संमतीपत्रात असेल तर ते खुल्या प्रकाशनाला पुरत नाही. मराठीत आणि गुजरातीत, वाचून दाखवता येईल असं वाक्य ठेवा:

‘हे रेकॉर्डिंग आणि त्याचा मजकूर इंटरनेटवर खुला राहील. कोणीही तो उतरवून घेऊ शकेल, बदलू शकेल, धंद्यासाठी किंवा संगणकाला आवाज शिकवण्यासाठीही वापरू शकेल. एकदा दिलेली ही मुभा परत घेता येणार नाही.’

हे ऐकून कोणी मागे सरलं तर त्यांचं रेकॉर्डिंग मर्यादित प्रवेशात ठेवा आणि फक्त मजकूर खुला करा, अर्थात त्यालाही त्यांचा होकार असेल तरच. नेहमीची चूक वेगळीच असते: ऑडिओतून शेजाऱ्याचं नाव आणि घर नंबर कापला जातो, मजकुराच्या फाइलमध्ये मात्र तो तसाच राहतो. फाइलच्या नावातही आडनावं लपलेली असतात. शेवटी सगळ्या फाइलींत नावं शोधून बघाच.

आता परवाना निवडा. शब्दयादी आणि आकडे यांना सीसी झीरो द्या, म्हणजे श्रेयाचीही अट नाही. दहा संच एकत्र करणाऱ्याला मग दहा श्रेयनामावल्या सांभाळाव्या लागत नाहीत, आणि संशोधनात संदर्भ देण्याची रीत परवान्याशिवायही चालतेच. मजकूर आणि संमती असलेली रेकॉर्डिंग सीसी बाय ४.० खाली ठेवा. ४.० च घ्या. युरोपातला डेटाबेसचा वेगळा हक्क त्यात धरलेला आहे. कोडला सीसी लावू नका, क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतःच तसं सुचवतं. तिथे एमआयटी किंवा अपाची २.० हे सॉफ्टवेअरसाठीचे खुले परवाने योग्य.

‘एनसी’, म्हणजे अव्यापारी वापराची अट, घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण फी घेणारा शिकवणीवर्ग, जाहिराती असलेला ब्लॉग, पाठ्यपुस्तकाचा प्रकाशक यांतला व्यापारी कोण, यावर भांडण सुरू होतं, आणि विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाचं चित्रं-ध्वनींचं भांडार, असं साहित्य घेतच नाही. ‘एनडी’, म्हणजे बदल करून वाटू नका ही अट, तर डेटाला मारकच: रकाने बदलून, दुरुस्त करून तो पुढे देता येत नाही. ‘एसए’, म्हणजे बदललेलंही याच परवान्याखाली वाटा ही अट, लावाल तर लक्षात ठेवा, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा ओडीबीएल या डेटाबेससाठीच्या परवान्याखाली आहे. त्यात आणि सीसी बाय-एसए ४.० मध्ये दोन्हीकडून ‘माझ्याच अटीवर वाटा’ असा हट्ट असतो. दोन्ही मिसळून नवा डेटाबेस करणारा मधेच अडकतो.

अटी लिहा, त्या दिसतील अशा जागी. परवाना तीन ठिकाणी हवा: झेनोडोच्या रकान्यात, ‘लायसन्स’ नावाच्या फाइलमध्ये आणि रीडमीत, म्हणजे संचाची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये. कोणत्या फोल्डरला कोणता, हे रीडमीत ओळीओळीने लिहा आणि श्रेयाचा तयार नमुनाही द्या: संकलकांची नावं, वर्ष, शीर्षक, आवृत्ती, डीओआय (संचाचा कायमचा ओळख क्रमांक), परवाना. ‘वापरलंत तर कळवा’, ‘आवाजाची नक्कल करू नका’ असल्या गोष्टी ‘विनंती’ या मथळ्याखाली स्वतंत्र लिहा. त्या सीसीच्या अटींत घुसडल्या तर तो सीसी राहत नाही. नक्कल खरंच रोखायची असेल तर त्या फाइली खुल्या ठेवू नका.

प्रकाशनानंतर झेनोडोवर फाइल बदलायची तर सहसा नवी आवृत्ती काढावी लागते. परवान्याचा रकाना सुधारता येतो, पण आधी उतरवून घेतलेल्यांकडे जुना परवाना कायम राहतो. श्रेय न देता कोणी वापरलं तर पहिलं पत्र साधं लिहा, सोबत रीडमीतला नमुना जोडा: अट मोडली की वापरायचा हक्क जातो, पण सीसी ४.० मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर गेलेला हक्क आपोआप परत मिळतो.