छोट्या बेट-देशांच्या डिप्लोमॅट्सना डिजिटल कामं शिकवायची तर सुरुवात कुठून करायची

पॅसिफिक महासागरातल्या तुवालू या बेट-देशाची लोकसंख्या साधारण ११,०००. अशा देशाचं न्यूयॉर्कमधलं मिशन, म्हणजे संयुक्त राष्ट्रांसाठीचं कार्यालय, म्हणजे बोटांवर मोजण्याइतकी माणसं, आणि हवामान, समुद्र, कर्ज, मानवी हक्क सगळं त्यांनीच बघायचं. मोठ्या देशांकडे एकेका विषयाला वेगळी टीम असते. त्यामुळे या लोकांना ट्रेनिंग द्यायचं असेल तर आधी एक ठरवा, तुमच्या प्रत्येक तासातून त्यांचा वेळ वाचला पाहिजे. सॉफ्टवेअरची ओळख वगैरे नको, सरळ त्यांची उद्याची मीटिंग घ्या आणि तिच्यावरच शिकवा.

सगळ्यात आधी ड्राफ्ट. वाटाघाटीच्या मसुद्यात ज्यावर एकमत नाही ते शब्द चौकटी कंसात असतात आणि रात्रीतून नवीन व्हर्जन येतं. दोन्ही फाइल्स समोरासमोर ठेवून डोळ्यांनी फरक शोधत बसणारे खूप जण असतात, त्यांना वर्डमधलं कम्पेअर दाखवा, कालचा ड्राफ्ट आणि आजचा ड्राफ्ट, काय गेलं काय आलं सगळं रंगात दिसतं. मग आपल्या देशाच्या कामाचे चार-पाच शब्द सर्चने शोधायला लावा. फाइलच्या नावात तारीख, कमिटी आणि व्हर्जन नंबर, ही सवय पहिल्याच दिवशी लावा, नाहीतर 'फायनल' नावाच्या सहा फाइल्स होतात.

मग राजधानीशी बोलणं. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे १० वाजतात तेव्हा तुवालूची राजधानी फुनाफुतीत दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे २ वाजलेले असतात, फोन कोणाला करणार? म्हणून तीन ओळींचा मेसेज लिहायला शिकवा: प्रस्ताव काय आहे, आपण काय म्हणावं असं वाटतं, उत्तर किती वाजेपर्यंत हवं. सोबत ड्राफ्टमधला तेवढाच परिच्छेद, अख्खी पीडीएफ नको, तिकडे नेट स्लो असू शकतं.

आणि नेट नसेल तर? हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ट्रेनिंगमध्ये नेमका तोच राहून जातो. जानेवारी २०२२ मध्ये टोंगा या बेट-देशाजवळ ज्वालामुखीचा स्फोट झाला, समुद्राखालची केबल तुटली, ती जोडायला पाच आठवडे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वानुआटू या दुसऱ्या बेट-देशाच्या सरकारी सिस्टिमवर सायबर हल्ला झाला आणि कर्मचाऱ्यांना खाजगी ईमेल आणि कागद-पेनावर काम करावं लागलं. त्यामुळे महत्त्वाची कागदपत्रं लॅपटॉपवर ऑफलाइन ठेवा, लॅपटॉप एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय आतलं कोणाला वाचता येणार नाही, फोन नंबरांची यादी कागदावर. लॉगिनचा कोड एसएमएसवर मागवू नका, ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा, ते नेटवर्क नसलं तरी कोड देतं. बॅकअप कोड प्रिंट करून कपाटात. आणि एक दिवस खरंच वायफाय बंद करून सराव घ्या, कुठे अडतं ते अर्ध्या तासात कळतं.

एआय वापरू द्या, लांबलचक रिपोर्टचा सारांश काढायला फार कामाचं आहे, पण जाहीर झालेल्या कागदांवरच. गोपनीय ड्राफ्ट किंवा राजधानीचा आदेश फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकायचा नाही म्हणजे नाही, आणि सारांशातला प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून बघायचा.

सोशल मीडियावर फार वेळ घालवू नका. २०२१ च्या हवामान परिषदेसाठी तुवालूचे मंत्री सायमन कोफे गुडघाभर समुद्रात उभे राहून बोलले आणि तो व्हिडिओ जगभर गेला, रोज वीस पोस्ट टाकून हे झालं नसतं. आपल्या किनाऱ्यावरचं एक खरं दृश्य आणि दोन स्पष्ट वाक्यं, एवढाच सराव करून घ्या.

शेवटचं, बदली. माणूस जातो आणि सगळं त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये निघून जातं. म्हणून ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाकडून शेअर्ड फोल्डरमध्ये एक पान लिहून घ्या: कुठल्या कमिटीत काय चालू आहे, कोणत्या देशाचा कोण माणूस मदत करतो, सगळे पासवर्ड सांभाळणाऱ्या पासवर्ड मॅनेजरचा ताबा कोणाकडे आहे. आणि ते पान शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाचायला द्या, त्याला जे कळलं नाही ते तिथेच बसून परत लिहायला लावा.